नागपूरच्या एका इमेजिंग सेंटरमधील स्ट्रोकच्या दोन तपासण्या : एक अवश्य करावी अशी, दुसरी तूर्त टाळावी अशी

नागपुरातील एका खासगी रुग्णालयाला जोडून असलेल्या इमेजिंग सेंटरमध्ये आमच्या काकाजींच्या मेंदूच्या दोन तपासण्या झाल्या. पहिली लकवा मारला त्याच दिवशी, तातडीच्या एमआरआयची; दुसरी काही महिन्यांनी, सवडीने ठरवून केलेली. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडून रुग्ण घेऊन नागपूर गाठणाऱ्या माणसाला आपण काउंटरवर नेमके कशाचे पैसे भरतो आहोत हे समजावून सांगणारे सहसा कोणी भेटत नाही, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या तपासणीमुळे काकाजींवरचा उपचार बदलला आणि तिच्यासाठी खर्च झालेला पैसा सार्थकी लागला. दुसरी तपासणी, म्हणजे जिला तेथील पत्रकात ‘फंक्शनल एमआरआय’ असे नाव आहे ती, लकव्याच्या रुग्णाने उपचाराचा भाग म्हणून पदरचे पैसे मोडून करून घ्यावी असे मला वाटत नाही.

काकाजी रात्री दहाच्या सुमारास नेहमीसारखे जेवून झोपले होते आणि पहाटे उठले तेव्हा त्यांचे तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता आणि बोलणे समजत नव्हते. अशा वेळी घड्याळ पहाटेपासून धरत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे रात्री दहापासून धरतात. जिल्ह्याच्या ठिकाणी साधा सीटी स्कॅन झाला, त्यात रक्तस्राव नाही हे कळले, आणि तेथेच एका डॉक्टरांनी ‘आता वेळ निघून गेली, घरी न्या, मालिश करा’ असा सल्लाही दिला. घरातल्या ज्येष्ठांचे मत लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्या एका गावी नेण्याचे होते. आम्ही कळंब, देवळी, वर्धा करीत नागपूर गाठले तेव्हा दुपार होत आली होती. गाठ रोगाशी असली तरी अर्धी लढाई या ‘वेळ निघून गेली’ वाक्याशी असते. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ८६ गावांमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण स्ट्रोक हेच निघाले होते, एकूण मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच दगावले होते.

वेळ निघून गेली आहे की नाही हे सर्वांच्या बाबतीत एकट्या घड्याळावरून ठरत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या तपासणीचे मोल कळणार नाही. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीतून निरोगी अवस्थेत मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त वाहते. गुठळीने धमनी बंद झाली की हा प्रवाह घटतो. तो २०च्या आसपास किंवा खाली आला की पेशी काम करणे थांबवतात, पण जिवंत राहतात. १०च्या खाली उतरला की पेशींच्या आवरणावरचे सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी आत शिरते आणि थोड्याच वेळात ती ऊती कायमची मरते. पहिल्या प्रकारच्या भागाला ‘पेनम्ब्रा’ म्हणतात आणि ही कल्पना १९७७ ते १९८१ या काळात प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली. ठिबकची मुख्य नळी बुजली की संत्र्याच्या बागेतली काही झाडे लगेच वाळतात आणि काही शेजारच्या ओळीतून झिरपणाऱ्या ओलीवर पाने पाडून का होईना तग धरतात, तसेच येथे होते. शेजारच्या धमन्यांकडून ज्याला जास्त रक्त मिळते त्याचा पेनम्ब्रा बारा-चौदा तासही टिकतो आणि ज्याला मिळत नाही त्याचा दोन तासांतच संपतो. मोठी धमनी बंद असताना उपचाराविना सरासरी मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात हे २००६ साली मांडलेले गणित खरे आहे, पण ते सरासरीचे आहे; समोरच्या खाटेवरचा माणूस त्या सरासरीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे चित्र काढल्याशिवाय समजत नाही.

आता सेवेविषयी. स्ट्रोकचा रुग्ण आहे म्हटल्यावर रांगेतल्या गुडघ्याच्या आणि कमरेच्या रुग्णांना थांबवून काकाजींना थेट आत घेतले, ही गोष्ट मी प्रथम नोंदवतो, कारण ती सर्वत्र घडत नाही. नोंदणीचा कागद आणि पैसे मागाहून झाले. ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय यंत्राच्या खोलीत नेण्यापूर्वी धातूची चौकशी करणारी परिचारिका वर्ध्याकडची होती; तिने छापील यादी वाचून न दाखवता ‘काकाजींच्या कमरेला चांदीचा करदोडा आहे काय हो?’ असे नेमके विचारले. होता, आणि आमच्या कोणाच्या ध्यानातही नव्हता. तो सुटेना तेव्हा तिने तो न कापता साबणाचे पाणी लावून गाठ सोडवली आणि पाकिटात घालून माझ्या हाती दिला. मूत्रपिंडाचा जुना आजार आहे का, हेही तिने त्याच वेळी विचारले, कारण रक्ताचा प्रवाह चित्रात दिसावा म्हणून पुढे द्यायच्या गॅडोलिनियम या द्रव्याच्या इंजेक्शनसाठी ते माहीत असणे गरजेचे असते. संमतिपत्र मात्र सबंध इंग्रजीत होते आणि सही करणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते वाचता येत नसणार.

तपासणी सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. तिचे चार भाग होते. पहिला डिफ्यूजन : पेशींत शिरलेल्या पाण्याच्या रेणूंना मोकळे हलता येत नाही, म्हणून मरणपंथाला लागलेला भाग पडद्यावर पांढरा चमकतो. साध्या सीटीत पहिले काही तास जे दिसत नाही ते येथे काही मिनिटांतच दिसू लागते. हे १९९० साली प्रथम मांजरांच्या मेंदूत दाखवले गेले होते. दुसरा भाग फ्लेअर नावाचा, ज्यात तोच डाग काही तास उशिरा उमटतो. डिफ्यूजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअर अजून कोरे आहे, असे असेल तर स्ट्रोक बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो. झोपेत लकवा झालेल्यांना गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यावे का, हे याच फरकावरून ठरवता येते आणि २०१८च्या एका मोठ्या चाचणीत त्याचा लाभ सिद्ध झाला आहे. काकाजींच्या फ्लेअरमध्ये डाग उमटू लागला होता, त्यामुळे ते इंजेक्शन बाद झाले. तिसऱ्या भागात डाव्या बाजूची मोठी धमनी मध्येच तुटल्यासारखी दिसली. चौथा परफ्यूजनचा. शिरेतून गॅडोलिनियम सोडतात, मेंदूतून ते पुढे सरकत असताना दर एक-दोन सेकंदांनी चित्रे घेतात आणि कोणत्या भागात ते किती उशिरा पोहोचले याचा नकाशा संगणक काढतो. सहा सेकंदांहून अधिक उशीर असलेला भाग हा रक्ताला मोताद झालेला भाग समजतात.

रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला पडद्यासमोर बोलावून तो नकाशा दाखवला. डाव्या बाजूला, कानाच्या थोडे वर आणि खोलवर, बोटाच्या पेराएवढा गुलाबी ठिपका होता आणि त्याच्या भोवती कपाळाकडून मागेपर्यंत पसरलेला हिरवा पट्टा होता. खाली आकडे होते : गुलाबी १८ मिलिलिटर, हिरवा ९६. ‘गुलाबी गेला, गुरुजी, हिरवा अजून वाचतो आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. शेवटचे धडधाकट दिसल्यापासून ६ ते १६ तासांतल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डिफ्यूज ३ चाचणीचे निकष असे होते, की मेलेला भाग ७० मिलिलिटरहून कमी असावा, धोक्यातला सबंध भाग त्याच्या किमान १.८ पट असावा आणि दोन्हींतला फरक किमान १५ मिलिलिटर असावा. काकाजी तिन्ही निकषांत आरामात बसत होते. त्या चाचणीत जांघेतील धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकत होते आणि नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी १७ टक्के. त्याच वर्षीच्या डॉन चाचणीने ही मुदत २४ तासांपर्यंत नेली. त्या दुपारी गुठळी निघाली. पुढच्या तपासणीत कायमचा मेलेला भाग त्या गुलाबी ठिपक्याहून थोडाच मोठा निघाला. हिरव्या पट्ट्याचा बहुतेक भाग वाचला होता. काकाजींचा हात आता विळा धरतो, बोलताना वस्तूंची नावे अडतात.

हे वाचून कोणी प्रत्येक स्ट्रोकमध्ये परफ्यूजनचा हट्ट धरू नये. रुग्ण पहिल्या साडेचार तासांत पोहोचला असेल आणि वेळ पक्की माहीत असेल तर साधा सीटी पुरतो आणि इंजेक्शन आधी द्यायचे असते. सहा तासांच्या आत मोठी धमनी बंद दिसली तरी रंगीत नकाशासाठी थांबण्याची सहसा गरज नसते. नकाशा लागतो तो उशिरा येणाऱ्यांना, आणि आपल्याकडचे रस्ते, अंतरे आणि पहिल्या सल्ल्यात वाया जाणारा वेळ पाहता उशिरा येणारे आपणच असतो. दुसरे असे, की नकाशातला मेलेला भाग हा अंदाज आहे, पंचनामा नव्हे. रक्त परत मिळाल्यावर डिफ्यूजनचा डाग काही वेळा अंशतः मावळतो. शिवाय २०२२ आणि २०२३ साली आलेल्या चाचण्यांनी मोठा भाग मेलेल्या काही रुग्णांनाही गुठळी काढल्याचा फायदा होतो असे दाखवले आहे. म्हणून ‘नकाशात हिरवे कमी आहे, आता काही करता येत नाही’ असे कोणी सांगितले तर नातेवाइकांनी न्यूरॉलॉजिस्टशी पुन्हा बोलावे. ज्याला उपचार द्यावा असा माणूस शोधण्यासाठी हा नकाशा फार चांगला आहे. नाकारण्यासाठी तितका नाही.

सेंटरविषयीची माझी मुख्य तक्रार निकालाच्या कागदांची आहे. एवढा मोलाचा नकाशा, पण हाती दिलेल्या फिल्मवर तो नव्हताच. फिल्म काळी-पांढरी, तिच्यावर डिफ्यूजन आणि फ्लेअरची चित्रे ओळीने छापलेली, आणि अहवालात परफ्यूजनविषयी दोन इंग्रजी ओळी. रंगीत चित्रे सीडीत होती. ती सीडी गावातल्या एकाही संगणकात उघडेना आणि मोबाइलवर पाहण्याची सोय नव्हती. यवतमाळच्या डॉक्टरांना पुढचे उपचार ठरवताना ती पाहायची होती. मी फोन केल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘अहवालात सगळे आहे ना सर’ असे उत्तर दिले. अहवालात आकडे होते, ठिकाण नव्हते.

दुसरी तपासणी याच सेंटरने सुचवली. काकाजींच्या बोलण्यातली अडखळ जाईल का, हे ‘मेंदूचे काम प्रत्यक्ष पाहून’ सांगता येईल असे पत्रकात लिहिले होते आणि चुलतभावाने हौसेने होकार दिला. कोणत्याही योजनेत हा खर्च बसला नाही, सगळा खिशातून झाला. या तंत्राचा पाया १९९० साली जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी घातला. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाच्या क्षेत्रात किंचित गडबड करते; मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे गरजेहून जास्त ताजे रक्त धावते, ती गडबड कमी होते आणि चित्रातला तो भाग एखाद-दुसऱ्या टक्क्याने उजळतो. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही, रक्ताची धावपळ पाहते, आणि तीही पाच-सहा सेकंद उशिरा. निरोगी माणसात हे चालते. स्ट्रोकच्या रुग्णात नेमकी रक्तवाहिन्यांचीच तारांबळ उडालेली असते. पेशी काम करीत असल्या तरी त्यांच्या हाकेला रक्तवाहिनी ओ देत नसेल, किंवा उशिरा देत असेल, तर चित्रात तो भाग निपचित दिसतो. श्वास काही सेकंद रोखायला लावून रक्तवाहिन्या किती प्रतिसाद देतात हे आधी मोजता येते आणि मग निकाल त्या प्रमाणात वाचता येतो. येथे ते केले नाही.

बोटे हलवण्याची चाचणी नीट पार पडली. उजव्या हाताची बोटे हलवताना डावी बाजू तर उजळलीच, उजवी बाजूही उजळली. लकव्यानंतर असे होते आणि ज्यांचा हात चांगला सुधारतो त्यांच्यात दुसऱ्या बाजूची ही मदत पुढे बहुधा कमी होत जाते. भाषेच्या चाचणीत मात्र हसावे की रडावे कळेना. काकाजींच्या डोळ्यांसमोर एकामागून एक चित्रे येत होती आणि त्यांनी मनातल्या मनात नावे घ्यायची होती. चित्रांत बर्फाचा माणूस होता, पियानो होता, गोल्फची काठी होती. ज्या माणसाने जन्मभर तूर, कपाशी आणि बैल यांतच आयुष्य काढले त्याच्या मेंदूत पियानो पाहून काय उजळावे? बाहेर आल्यावर ते वैतागून ‘हे काय आहे बाप्पा’ असे स्वच्छ म्हणाले, आणि तेवढे वाक्य त्या दिवशीचे त्यांचे सर्वांत चांगले वाक्य होते. तंत्रज्ञ मुलगा समजूतदार निघाला. त्याने मॅडमना विचारून दुसरी फेरी घेतली आणि इंटरकॉमवरून सांगितले, ‘काकाजी, यवतमाळहून एसटीत बसले, आता वर्ध्यापर्यंत कोणकोणती गावे लागतात ते मनात म्हणा, ओठ हलवू नका.’ या फेरीत डाव्या कपाळामागचा भाग अंधूक का होईना, दिसला. अंतिम अहवालात मात्र पहिल्या फेरीचाच निकाल आला : डाव्या पुढच्या भाषाकेंद्रात लक्षणीय हालचाल नाही. दुसऱ्या फेरीचा उल्लेख नाही, रक्तवाहिन्यांच्या मंद प्रतिसादाविषयी चकार शब्द नाही. तो अहवाल वाचून चुलतभाऊ आठवडाभर खचलेला होता.

शास्त्र म्हणून या विषयाला मी कमी लेखत नाही. भाषा गेलेल्या रुग्णांचा मेंदू पहिल्या दिवसांत मंद असतो, मग दोनेक आठवड्यांत उजव्या बाजूसह जोमाने उजळतो आणि महिन्यांनी पुन्हा डावीकडे स्थिरावतो, हा क्रम जर्मन संशोधकांनी २००६ साली याच तंत्राने दाखवला. आणखी एक वाट मला जास्त आशेची वाटते. रुग्णाने काहीही न करता पाच-दहा मिनिटे नुसते पडून राहायचे, आणि त्याच रक्तसंकेतात कोणता भाग इतरांच्या मागे पडतो हे मोजायचे. मागे पडणारा भाग परफ्यूजनच्या नकाशातल्या उशिराच्या भागाशी जुळतो असे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. यात सुई नाही, गॅडोलिनियम नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णासाठी ते वरदान ठरेल. पण डोके जरा हलले की हे सगळे बिघडते, आणि नुकता लकवा मारलेला, घाबरलेला माणूस स्थिर पडून राहत नाही. हे अजून संशोधनाच्या हातात आहे, काउंटरवर विकण्याजोगे झालेले नाही. शिवाय अभ्यासांतले निष्कर्ष पुष्कळ रुग्णांच्या सरासरीवरून काढलेले असतात. त्यावरून एकट्या काकाजींचे बोलणे केव्हा सुधारेल हे सांगता येत नाही. अहवाल काहीही आला असता तरी त्यांची वाचाउपचाराची सत्रे आणि हाताचे व्यायाम तेच राहिले असते, असे वाचाउपचार करणाऱ्या ताईंनीच सांगितले. मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि भाषेचा भाग चुकवायचा असेल तर फंक्शनल एमआरआय जरूर करावा. तो वेगळा प्रश्न आहे. एखाद्या शासकीय किंवा अध्यापन रुग्णालयात संशोधनासाठी विनामूल्य होत असेल आणि रुग्णाला त्रास नसेल तरीही हरकत नाही. पण त्यासाठी सोयाबीन विकू नये.

तातडीच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण संमतिपत्राचा आणि फिल्मचा कापला. फंक्शनल तपासणीला दोन, आणि तेही त्या तंत्रज्ञ मुलाच्या एसटीच्या फेरीसाठी. जे जाणार असतील त्यांनी रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून न्यावी, आधीच्या सीटीची फिल्म आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनीनच्या रक्ततपासणीचे जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत, करदोडा, कडे, ताईत घरीच काढावेत. लेखी तक्रारीनंतर सेंटरने परफ्यूजनचे रंगीत नकाशे कागदावर छापून द्यायला सुरुवात केली आहे. ते आपण होऊन मिळत नाहीत, बिल भरताना मागावे लागतात.